काचेचा सांधा

काही वस्तू अशा असतात की त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, त्यांच्यातून पाहतात. डोळ्यांवरचा चष्मा, देवघरातील तसबिरीवरची काच आणि मोटारीच्या पुढल्या बाजूस बसवलेली ती रुंद, किंचित वाकलेली काच, या साऱ्या एकाच कुळातल्या. तसबिरीची काच तडकली तर दर्शनात थोडा व्यत्यय येतो, चष्म्याची फुटली तर दोन दिवस वर्तमानपत्रावाचून काढावे लागतात. मोटारीच्या काचेचे मात्र तसे नाही. तिच्या पलीकडे धावता रस्ता असतो आणि अलीकडे घरची माणसे बसलेली असतात.

आपल्या माळव्यातील मराठी कुटुंबांना या काचेचे महत्त्व निराळे सांगावयास नको. होळकरांच्या काळापासून आपण येथे नांदत असलो तरी कुलदैवते नर्मदेच्या दक्षिणेस राहिली आणि सोयरिकींचे अर्धे धागेही तिकडेच गुंतलेले आहेत. वर्षातून दोन-तीनदा तरी आग्रा–मुंबई रस्ता धरावा लागतो. खलघाटाला नर्मदेवरचा पूल ओलांडायचा, सेंधव्याला चहा घ्यायचा, बिजासनीचा घाट उतरायचा आणि शिरपूरवरून धुळे गाठायचे, हा क्रम आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ असेल. पूर्वी हा प्रवास एस.टी.च्या गाडीने होई. आता बहुतेक घरांच्या दाराशी स्वतःची मोटार उभी असते. त्याच रस्त्यावरून गिट्टीने भरलेले ट्रक धावत असतात. त्यांतल्या पुष्कळांवर ताडपत्री नसते, असली तर नीट बांधलेली नसते. अशा ट्रकातून उडालेला, किंवा त्याच्या चाकाखालून सुटलेला, हरभऱ्याएवढा एक खडा पुरेसा होतो.

गेल्या वर्ष-दीड वर्षात आमच्या परिचितांपैकी चार घरी समोरची काच बदलण्याचा प्रसंग आला. चारही घरी चौकशीस आलेल्यांनी एकच प्रश्न विचारला, “काच केवढ्याला पडली?” ती कशी बसवली, हे कोणी विचारले नाही. आमच्या मते खरा प्रश्न हाच दुसरा आहे, आणि या महिन्यात वाचकांपुढे तोच मांडण्याचा आमचा विचार आहे.

आधी काचेविषयी थोडे. घराच्या खिडकीची काच फुटली की तिचे सुरीसारखे लांबट, धारदार तुकडे होतात. मोटारीत असे तुकडे जिवावरच बेतणार. यावर माणसाने दोन उपाय शोधून काढले. पहिल्यात काच सहाशे अंश सेल्सियसच्याही वर तापवतात आणि हवेच्या झोतांनी एकदम निववतात. पृष्ठभाग आधी थिजतो, गाभा मागाहून. त्यामुळे काचेच्या अंगात एक कायमची ओढाताण राहते आणि तिच्यामुळेच ती कणखर बनते. फुटली तर तिचे बोथट दाणे होतात. मोटारीच्या दारांना बहुधा अशीच काच असते. रस्त्यांवर ॲम्बॅसडर आणि फियाट यांचे राज्य होते त्या काळी अनेक मोटारींना समोरही अशीच काच असे. तिचा दोष हा की ती एका जागी तडकत नाही. फुटली की सबंध फुटते. खडा लागताच सारी काच पांढऱ्या जाळीसारखी होई आणि भर वेगात चालकापुढचा रस्ताच नाहीसा होई. मुठीने काचेला भोक पाडून मोटार कशीबशी कडेला घेतल्याच्या आठवणी जुने चालक अजूनही सांगतात.

दुसरा उपाय हाती लागला तो एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला. एदुआर बेनेडिक्टस हे त्याचे नाव. १९०३ साली प्रयोगशाळेतील एक काचेची कुपी त्याच्याकडून खाली पडली. तिला तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत, अशी हकीकत सांगतात. कुपीत कधीकाळी सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण ठेवलेले होते. ते सुकून आतून एक पातळ पापुद्रा धरला होता आणि त्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले होते. दोन काचांमध्ये असा पडदा घालून केलेल्या काचेचे पेटंट त्याने १९०९ साली घेतले. सेल्युलोज नायट्रेट उन्हाने पिवळे पडे. पुढे १९३० नंतरच्या दशकात त्याच्या जागी पॉलिव्हिनाइल ब्युटिरल हा अधिक टिकाऊ, पारदर्शक आणि चिवट पदार्थ आला. आजही समोरची काच अशीच असते. साधारण दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन काचा, आणि त्यांच्या मध्ये पाऊण मिलिमीटरचा तो पडदा. उष्णता आणि दाब देऊन तिन्हींचा एकजीव केलेला. तिला तडा जातो, पण ती जागा सोडत नाही.

आपल्या देशात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०० व्या नियमाने ही पडद्याची काच समोर सक्तीची केली. नियम लागू झाल्यानंतर तीन वर्षांनी तयार होणाऱ्या मोटारींपासून ही सक्ती सुरू झाली. समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश पलीकडे गेला पाहिजे, असेही तोच नियम सांगतो. म्हणजे आज दुकानदाराकडे मागावी ती काच कोणती, याविषयी संदिग्धता नाही. काचेच्या कोपऱ्यात छापलेली बारीक अक्षरे वाचावीत. त्यांत भारतीय मानकाची किंवा आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची खूण असते आणि काच कोणत्या जातीची तेही लिहिलेले असते.

परंतु उत्तम काच आणली म्हणजे काम झाले असे समजणे हा उत्तम तांदूळ आणला म्हणजे भात झाला असे समजण्याचा प्रकार आहे. काच आणि मोटारीचा पत्रा हे दोन भिन्न स्वभावाचे पदार्थ. एक ठिसूळ, दुसरा लवचिक. उन्हात एक जास्त फुगतो, दुसरा कमी. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात पत्र्याची चौकट किंचित पिळवटते. काचेला पिळवटून घेणे जमत नाही. या दोघांना एकत्र नांदवायचे ते काम सांध्याचे. आमचा व्यवसाय भाषेचा असल्याने येथे एक गोष्ट नोंदवल्यावाचून राहवत नाही. व्याकरणातील ‘संधी’ आणि सुताराचा, गवंड्याचा किंवा गुडघ्याचा ‘सांधा’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत. संधीत दोन वर्ण जवळ येतात तेव्हा दोघेही थोडे बदलतात, तेव्हाच एक शब्द होतो. नुसते शेजारी ठेवलेले वर्ण वाचताना सुटे पडतात. काचेच्या बाबतीतही शेजारी ठेवणे निराळे आणि सांधणे निराळे.

जुन्या मोटारींत हा सांधा रबराचा होता. आमच्या लहानपणी गल्लीतील एका फियाटची काच बसवताना पाहण्यास आम्ही पोरे गोळा होत असू. काचेच्या कडेभोवती दुपदरी खाच असलेले जाड रबर चढवीत. रबराच्या दुसऱ्या खाचेत एक चिवट दोरी भरून तिची दोन टोके खाली मध्यभागी सोडीत. साबणाच्या पाण्याने सारे निसरडे करून काच चौकटीवर टेकवली जाई. मग एक जण बाहेरून तळव्याने काच दाबी, दुसरा आत बसून दोरी हळूहळू ओढी. दोरी जसजशी सुटे तसतशी रबराची ओठासारखी कडा पत्र्यावरून अलगद आत उलटे. शेवटी काच आणि रबर यांच्या फटीत न वाळणारा चिकट लेप भरीत. ते काम देखणे होते. पण त्या पद्धतीत काच धरली जाई ती केवळ रबराच्या पकडीने. रबर उन्हाने कडक होऊन तडकले की पाणी झिरपे, आणि जोराचा आघात झाला तर काच अखंडच्या अखंड चौकटीतून बाहेर पडू शके.

आजच्या मोटारींत बाहेरून दिसणारी रबरी पट्टी ही बव्हंशी शोभेची. काच प्रत्यक्षात चिकटवलेली असते ती पॉलियुरेथेन नावाच्या काळ्या चिकट द्रव्याने. कारागीर त्याला ‘पीयू’ म्हणतात, आपल्या इंदुरात ‘मसाला’ म्हणतात. आम्हीही तोच सुटसुटीत शब्द वापरू. हा मसाला सुकत नाही, तो हवेतील बाष्प शोषून घट्ट होतो. घट्ट झाल्यावरही तो दगडासारखा न होता टणक रबरासारखा राहतो. म्हणून पत्र्याची हालचाल सोसतो आणि काचेला सोडत नाही. काचेच्या कडेला असलेला काळा ठिपकेदार पट्टा पुष्कळांना शोभेची किनार वाटते. तो भट्टीत भाजून पक्का केलेला रंग असून त्याचे मुख्य काम मसाल्याला उन्हापासून वाचवण्याचे आहे. सूर्यकिरणांनी हा मसाला कालांतराने कमजोर होतो.

अशा रीतीने चिकटवलेली काच वारा आणि धूळ अडवते, पण तेवढ्यावर तिचे काम संपत नाही. मोटार उलटली तर छप्पर दबू न देण्याच्या कामी ती आपला वाटा उचलते. धडकेत आतली माणसे बाहेर फेकली जाऊ नयेत म्हणून आडवी राहते. आणि तिसरे काम फार थोड्यांना ठाऊक असते. २०२१ सालापासून नव्या मोटारींत चालकाशेजारच्या आसनासाठीही हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, आवश्यक झाली. ही पिशवी पुष्कळ मोटारींत आधी वर उसळते, समोरच्या काचेवर आपटते आणि काचेच्या आधाराने प्रवाशाकडे वळते. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. काचेचा सांधा त्या क्षणी कच्चा असेल तर पिशवी काचेलाच बाहेर ढकलील, आणि जिच्यासाठी ती पिशवी ठेवली ती व्यक्ती आधारावाचून राहील. त्या आसनावर बहुधा कोण बसते, हे प्रत्येक वाचकाने आपापल्या घरापुरते आठवून पाहावे.

येथे आमच्या भाच्याच्या मोटारीची हकीकत सांगणे उपयोगी ठरेल. माघात धुळ्याहून परतताना घाटात एक खडा त्याच्या काचेला लागला आणि मुगाच्या दाण्याएवढी टवकी उडाली. एवढ्याशा टवक्याचे काय, म्हणून ती तशीच राहिली. वैशाखात एके दुपारी मोटार दोन तास उन्हात उभी होती. त्याच्या पत्नीने मुलाला घेऊन आत बसताच थंड हवेचे यंत्र पूर्ण वेगाने सुरू केले. काच बाहेरून तापलेली, आतून गार वारा. बारीकसा आवाज झाला आणि त्या टवक्यापासून निघालेला तडा चालकाच्या नजरेसमोरून आडवा धावत गेला. पुढल्याच आठवड्यात धुळ्याला मेहुण्याचे लग्न. योग्य काच मिळवण्यात पाच दिवस गेले आणि ती बसवण्याचा दिवस उजाडला तो नेमका सीमांतपूजनाचा. शाळेला सुटी होती, म्हणून भाच्याबरोबर आम्हीही त्या कारागिराकडे गेलो आणि सकाळपासून सारे काम डोळ्यांनी पाहिले.

कारागीर पन्नाशीचा, मितभाषी. त्याने प्रथम वायपर, त्यांच्या मुळाशी असलेले झाकण, कडेची पट्टी आणि आतला आरसा काढला. चौकटीच्या रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून सभोवार चिकटपट्टी लावली. मग पीळ दिलेली पोलादी तार मसाल्यातून आरपार घालून दोघांनी आतून-बाहेरून ओढत जुनी काच सोडवली. आम्हाला वाटले, आता तो जुना मसाला खरवडून पत्रा लख्ख करील. त्याने तसे केले नाही. धारदार पात्याने तो दीड-दोन मिलिमीटरपर्यंत तासला आणि तेवढा थर राहू दिला. कारण विचारता म्हणाला, कारखान्यात धरलेला हा थर पत्र्याला जसा चिकटलेला आहे तसे चिकटवणे आपल्या हातून व्हायचे नाही. नवा मसाला यालाच सर्वांत चांगला धरतो. एका जागी रंग खरवडला जाऊन पत्रा उघडा पडला होता. तेथे त्याने गंजरोधक प्रायमरचा हात दिला आणि तो वाळेपर्यंत स्वस्थ बसला. भाच्याने दोनदा घड्याळ पाहिले.

नवी काच आधी कोरडीच चौकटीत ठेवून चारी बाजूंचे अंतर पाहिले आणि खुणेसाठी पट्ट्या चिकटवल्या. मग तिची कड पुसून प्रायमर लावला. त्यानंतर त्या कडेला त्याने ना स्वतःचे बोट लागू दिले ना दुसऱ्याचे. तळहाताचा घाम किंवा तेलाचा अंश तेवढा सांधा कच्चा करायला पुरतो. मसाल्याच्या नळीचे तोंड त्याने त्रिकोणी कापले होते. त्यातून निघालेली सुमारे अर्धा इंच उंचीची काळी रेघ त्याने खालच्या कडेच्या मध्यापासून सुरू केली आणि हात न थांबवता चारी बाजू फिरवून पुन्हा तेथेच आणून मिळवली. कोपऱ्यावर रेघेची टोके मिळवली तर वळणात फट राहण्याची भीती असते. त्रिकोणी अशासाठी की काच टेकली म्हणजे टोक दबून दोन्हीकडे सारखे पसरते आणि मध्ये हवा कोंडत नाही. यापुढे मात्र विलंब चालत नाही. उन्हाळ्यात दहा-बारा मिनिटांतच मसाल्यावर दुधासारखी साय धरते, आणि साय धरलेला मसाला काचेला नीट चिकटत नाही. दोघांनी रबरी पेल्यांनी काच उचलली, खुणा जुळवल्या आणि एकदाच टेकवली. टेकवल्यावर सरकवायची नाही. वरून पट्ट्या लावल्या आणि दाराची एक काच बोटभर खाली ठेवली. बंद मोटारीचे दार आपटले की आतली हवा दबते आणि ओल्या सांध्याला धक्का देते, म्हणून ही तजवीज.

त्या वेळी दुपारचा एक वाजला होता. “मामा, काच तर बसली. आता निघालो तर सीमांतपूजनाला पोचतो,” भाचा म्हणाला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. कारागिराने किल्ली खिशात घातली. “साहब, काँच बैठ गया, मसाला नहीं बैठा,” एवढेच तो बोलला. नळीवरच्या तक्त्यात त्या मसाल्याला सहा तास सांगितलेले होते. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात, हवेत बाष्पच कमी असताना, त्याहून कमी वेळ देण्याचा प्रश्नच नव्हता. भाच्याला हे पटेना; दुसऱ्या एका ठिकाणी अर्ध्या तासात गाडी देतात, हे त्याने ऐकलेले होते. तेव्हा कारागिराने एक कागद पुढे केला. काच बसवतानाच त्याने त्याच नळीतून मसाल्याचा एक वळ त्या कागदावर काढून ठेवला होता. भाच्याने नख लावून पाहिले. वरून घट्ट लागला. कारागिराने पात्याने तो मधोमध कापला. आतला मसाला लोण्यासारखा मऊ होता आणि पात्याला तार धरून आला.

त्या कापलेल्या वळाकडे भाचा बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने घरी दूरध्वनी केला. पत्नी आणि मुलगा दोनच्या बसने पुढे गेले. तो स्वतः दुसऱ्या दिवशी पहाटे, मसाला पुरता धरल्यावर, मोटार घेऊन निघाला आणि मुहूर्ताच्या आधी पोचला. सीमांतपूजनात जावई दिसला नाही म्हणून दोन-चार नातलगांनी कुरकूर केली. ती मांडवातच विरली. आम्हाला त्या दुपारी सर्वांत मोलाचे वाटले ते कारागिराने किल्ली खिशात घालणे. पैसे त्याला मिळणारच होते; गिऱ्हाईक रागावून गेले असते तर पुन्हा आले नसते. तरीही अपुऱ्या कामावर त्याने आपला हात ठेवला नाही. आपल्याकडे घाटरस्त्यांवर ‘अति घाई संकटात नेई’ अशी पाटी लावलेली असते. ती पाटी काच बसवणाऱ्याच्या दुकानातही टांगावी, आणि गिऱ्हाइकाच्या बाजूला तोंड करून टांगावी.

याच्या उलट अनुभव आमच्या एका निवृत्त स्नेह्यांचा. त्यांनी रस्त्याकडेच्या एका दुकानात थोडक्या पैशांत काच बसवून घेतली. काम वेळेत झाले, दिसायलाही सुबक दिसत होते. मोटारीत दोन दिवस शिरक्यासारखा आंबूस वास येत होता, तेवढे त्यांनी सहज बोलताना सांगितले होते. मृगाची पहिली सर आली आणि चालकाच्या पायाखालची सतरंजी भिजली. दुसऱ्या कारागिराने काच काढून पाहिली तेव्हा उलगडा झाला. मसाल्याऐवजी न्हाणीघराच्या फरशीच्या फटी बुजवण्याचे सिलिकोन तेथे भरलेले होते. त्या जातीचे सिलिकोन घट्ट होताना आम्ल सोडते. आंबूस वास त्याचाच. त्या आम्लाने उघड्या पत्र्याला गंज धरू लागला होता. शिवाय सिलिकोन पाणी अडवू शकते, काचेचा भार आणि आघात पेलण्याचे बळ त्यात नसते. आणि त्याचा अंशही मागे राहिला तर त्यावर खरा मसाला चिकटत नाही. सारी चौकट खरवडून, गंज काढून, प्रायमर देऊन काम पुन्हा करावे लागले. खर्च दुप्पट झाला, हे त्यातले लहान नुकसान. त्या दोन महिन्यांत ते नातवंडांना घेऊन दोनदा ओंकारेश्वरास जाऊन आले होते.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी, घरच्या माणसांना उपयोगी पडाव्यात म्हणून क्रमाने सांगतो.

टवकी उडाली की त्याच दिवशी तीवर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरणार नाही. टवका नाण्याहून लहान असेल, चालकाच्या थेट नजरेसमोर नसेल आणि काचेच्या कडेपर्यंत पोचलेला नसेल, तर त्यात राळेसारखे पारदर्शक द्रव्य भरून अतिनील प्रकाशाने ते घट्ट करता येते. काच बदलावी लागत नाही. खूण थोडी दिसते, पण तडा पुढे जाण्याचे बहुधा थांबते. तडा धावल्यानंतर हा उपाय विचारणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, आणि उन्हातून आल्यावर थंड हवा हळूहळू वाढवावी.

केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर काचेची भरपाई मिळत नाही. सर्वंकष विमा असेल तर मिळते, आणि रबर किंवा प्लास्टिकच्या भागांप्रमाणे काचेच्या मूल्यातून घसारा कापला जात नाही. जुनी काच काढण्यापूर्वी विमा कंपनीला कळवावे. मात्र दावा केल्यास पुढील वर्षीची ‘नो क्लेम बोनस’ची सवलत जाऊ शकते, ही सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत वाढते. तेव्हा काचेची किंमत आणि जाणारी सवलत यांचा हिशेब मांडूनच दावा करावा.

२०२१ च्या फेब्रुवारीपासून पथकर नाक्यांवर फास्टॅग आवश्यक झाला. तो समोरच्या काचेवर आतून चिकटवलेला असतो आणि सोलून काढला की निकामी होतो. काच बदलली की बँकेकडून नवा घ्यावा लागतो. हे नाक्यावर पोचल्यानंतर आठवू नये. अलीकडच्या काही मोटारींत आरशामागे रस्ता न्याहाळणारा कॅमेरा असतो. काच बदलल्यावर त्याची दृष्टी पुन्हा जुळवून घ्यावी लागते. ती न जुळवता मोटारीच्या आपोआप ब्रेक लावण्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

कारागिराला चार प्रश्न अवश्य विचारावेत. मसाला कोणता आणि त्याची मुदत संपलेली तर नाही? प्रायमर लावणार का? चौकटीला ओरखडा गेल्यास काय करणार? मोटार किती वेळाने चालवावी? चौथ्या प्रश्नाला जो ‘लगेच’ असे उत्तर देईल त्याच्याकडून काच बसवून घेऊ नये. काम झाल्यावर एक दिवस दारे आपटू नयेत, पट्ट्या काढू नयेत, आणि दोन दिवस जोराच्या फवाऱ्याने मोटार धुऊ नये. नंतर एकाने बाहेरून साध्या नळीने कडेकडेने पाणी सोडावे आणि दुसऱ्याने आत बसून कोपरे हाताने चाचपावेत. पहिला पाऊस येण्याआधी घरच्या घरी केलेली ही परीक्षा पुरेशी असते.

मुलांनाही त्या वेळी आत बसवून दाखवावे. काचेवरून ओघळणारे पाणी पाहण्यात त्यांना गंमत वाटेल. कडेचा काळा पट्टा कशासाठी आहे आणि त्याच्या मागे न दिसणारी कोणती रेघ काचेला धरून आहे, हे त्यांना समजावून सांगावे. ज्या कारागिराने ती रेघ हात न थांबवता ओढली त्याचे नाव काचेवर कोठेच लिहिलेले नसते. पुढल्या वेळी बिजासनीचा घाट उतरताना आपण सारे त्याच्या कामावर विसंबून बसलेलो असतो. अशा माणसाने अर्धा दिवस मागितला तर तो त्याला द्यावा.